मायनं चकतीला लावलेलं तेल

सायकलच्या डिस्क ब्रेकमधली हवा एकट्याला काढता येत नाही. मोबाइलवर शहाणे लोक एकट्याने काढून दाखवतात, पण त्यांच्या सायकली नव्या असतात. आमची जुनी. एकाने वर हँडलवरची ब्रेकची मूठ दाबून धरायची आणि दुसऱ्याने खाली चाकाजवळचा बारका स्क्रू चावीने उघडायचा. नळीतून ब्रेकचं तेल येतं, त्यासोबत बुडबुडे येतात. स्क्रू बंद होईपर्यंत मूठ सोडायची नाही. सोडली की हवा पुन्हा आत आणि सगळी मेहनत पाण्यात.

खाली नेहमी माझा मोठा भाऊ असायचा. "सोडू नको बे, मी म्हनतो तवाच सोड," असं ओरडायचा, जणू मी जन्मात कधी काही नीट धरलंच नव्हतं. नळी सलाईनची होती आणि सिरिंज गुरांच्या दवाखान्यातून मागून आणलेली.

ही गिअरची सायकल त्याने पुण्यात शिकताना होस्टेलातल्या एका मुलाकडून घेतली आणि शिक्षण संपल्यावर तिच्यासकट देऊळघाटला परत आला. शेती करीन म्हणाला. बीटी कपाशीची चांगली वर्षं तेव्हा सरत आली होती, पण आम्हाला ते कुठे ठाऊक! रोज सायकलनेच शेतात जायचा. रविवारी आम्ही बुलढाण्यापुढे राजूरचा घाट गाठायचो आणि तो मला दांडीवर बसवून घाट उतरायचा. वाऱ्याने डोळ्यांत पाणी यायचं. वळण आलं की तो दोन बोटांनी मूठ दाबायचा आणि सायकल मुकाट ऐकायची.

एका रविवारी तिने ऐकलं नाही. पहिल्याच वळणावर आम्ही रस्त्याकडेच्या नालीत. गुडघे सोलून घरी आलो तर माय दारातच उभी. आमचे अवतार पाहून तिनेच कबूल केलं, "चिरचिर करे ना बापा, म्हून चकतीले लावलं थोडंसं तेल."

दार कुरकुरलं की गोडं तेल, शिवणयंत्र कुरकुरलं की गोडं तेल. ब्रेक ज्या चकतीला पकडतो तिलाही तिने तेच लावलं होतं. भाऊ पोट धरून हसला. पुढे कितीतरी दिवस वरणात फोडणी कमी पडली की तो विचारायचा, "माय, सायकलले लावलं काय सारं?"

मग बोंडअळीचं वर्ष आलं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. त्याने उभ्या कपाशीत रोटाव्हेटर फिरवला आणि आठवड्याभरात पुण्याच्या गाडीत बसला. सायकल टपावर चढवू का विचारलं तर म्हणाला, "राहू दे. येतोच ना मी."

दिवाळीला आला. पुढच्या दिवाळीला आला नाही. मला त्याची फार आठवण येते. फोनवर मात्र आम्ही पावसापाण्याचंच बोलतो. अशाच एका फोनवर तो म्हणाला, "इकून टाक बे तिले. धूळ खाऊन राह्यली उगाच." त्याची घरात उरलेली वस्तू म्हणजे तेवढी सायकल. पण मालक तो. मी बुलढाण्याच्या एका गुरुजींना रविवारी सायकल पाहायला बोलावलं.

मूठ दाबली की पार हँडलला टेकत होती, म्हणजे आत हवा. सकाळी मी सिरिंज काढली आणि मायला हाक मारली. कापूस वेचून खरबरीत झालेल्या बोटांनी तिने मूठ धरली.

"इकाचीच हाय त नीट काऊन करून राह्यला?"

"ब्रेक लागत नसन त घेईन कोन, माय?"

मी स्क्रू उघडला आणि माझ्या तोंडून आलं, "सोडू नको, मी म्हनतो तवाच सोड." हुबेहूब त्याचाच सूर. मायने माझ्याकडे पाहिलं आणि मूठ आणखी घट्ट धरली. तासाभरात ब्रेक असा कडक झाला की चाक जागेवर थांबे. चकती स्पिरिटने पुसून मी गुरुजींना घ्यायला स्टँडवर गेलो.

गुरुजींनी अंगणातच सायकल ढकलून पाहिली. मूठ दाबली. सायकल आपली चाललीच. "ब्रेक त लागतच नाही हो भाऊ," ते म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.

मी चकतीवर बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. वास घ्यायचीही गरज नव्हती. माय ओट्यावर तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चिरचिर करे."

संध्याकाळी भावाचा फोन आला. "इकली काय?"

"नाही. मायनं चकतीले तेल लावलं."

या वेळी तो हसला नाही. मग त्याने हळूच विचारलं, "थोडंसंच ना?"

"नाही," मी म्हणालो. "या खेपेले लई लावलं."