तीन नंबरच्या काउंटरने नाकारलेले डबे

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि कप विसळायच्या आत विसरतो. पांढरी साडी, घाटातलं वळण, मागून आलेली हाक... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. आजही नाही. तरी लिहितोय, कारण जे घडलं ते भर दुपारी, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात घडलं. तिथे भुताला उभं राहायलाही जागा नव्हती.

ठिकाण शारजातलं रोल्ला. २००८ च्या मंदीनंतरचं वर्ष. एका सुपरमार्केट चेनमध्ये मी सिस्टिम्स बघत होतो. चेनचं नाव सांगत नाही, ती आता नाही. पलीकडे दुबईत क्रेन थांबल्या होत्या, आमच्या बिल्डिंगमधली ओळखीची घरं एकेक करून रिकामी होत होती, आणि यावर उपाय म्हणून हेड ऑफिसने सगळ्यांना ‘विनर’ लिहिलेले बिल्ले वाटले होते. रीजनल मॅनेजर खन्नांचा बिल्ला सोनेरी होता. आमचे प्लास्टिकचे.

आता थोडं तांत्रिक, कारण सगळं त्यावरच अडलंय. बारकोडच्या रेघांत किंमत नसते, नावही नसतं. असतो फक्त एक तेरा आकडी नंबर. स्कॅनर तो वाचतो, दुकानातल्या कॉम्प्युटरला विचारतो, आणि नाव-किंमत तिथून येते. शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो; वाचताना चूक झाली तर ताळा जुळत नाही आणि बीप वाजत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं — एकाच मालाच्या हजार डब्यांवर रेघा तंतोतंत सारख्या असतात. कुठला डबा ताजा, कुठला जुना, हे त्या रेघांना माहीत नसतं. हवं तर हा परिच्छेद पुन्हा वाचा. नंतर वाद नको.

तर, बाळाच्या दूध पावडरची ‘एकावर एक फ्री’ ऑफर लागली. फुगे, बॅनर, दारात टाळ्या वाजवणारा माणूस. आणि तीन नंबरच्या काउंटरवर काही डबे जाईनात, बीपच वाजेना. काही जायचे, काही नाही. तिथे इक्बाल बसायचा, श्रीवर्धनचा. तोंडाने तिखट, हाताने चोख. बाकीचे कॅशियर एक डबा स्कॅन करून मशीनला ‘दोन’ सांगायचे. हा प्रत्येक डबा वेगळा दाखवायचा. नंबर हाताने टाइप करायला सुपरवायझरची चावी लागते आणि तशी प्रत्येक नोंद कॅशियरच्या नावावर चिकटते, म्हणून न जाणारे डबे तो काउंटरखाली ठेवू लागला. तिथे ढीग झाला.

खन्नांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “ये आदमी अंगूठे से कोड छुपाता है. ऑफर को फेल करना चाहता है. आप लिख के दो, मशीन ठीक है, गलती कॅशियर की है. बाकी मैं देख लूँगा.”

बाकी म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. नोकरी गेली की व्हिसा रद्द. बायको आणि मुलगी इक्बालच्याच व्हिसावर, मुलगी इथल्याच शाळेत. त्याचा भाऊ खोर फक्कानला पोर्टवर होता, कंटेनर कमी झाल्यावर त्याला आधीच घरी पाठवलं होतं. गावाकडचं घर आता या एकाच पगारावर.

मी बाहेर आलो तर इक्बाल हात पुढे करून उभा. “साहेब, अंगठा कापून तुमच्या टेबलावर ठेवतो. मग तरी डबा जाईल काय?”

“आधी मला बघू दे.”

“बघा, बघा. तुम्ही बघेपर्यंत मी श्रीवर्धनला पोचतो.”

मी बघितलं. तीन नंबरचा स्कॅनर काढून पाच नंबरला लावला. तिथे सगळे डबे गेले, अगदी एकेक करून दाखवले तरी. पाचचा स्कॅनर तीनवर आणला. तेच डबे पुन्हा अडले. इक्बालला पाचवर बसवलं, सगळं सुरळीत. तीनवर दुसऱ्या मुलीला बसवलं, अडले. म्हणजे अंगठा नव्हे. काच पुसली, केबल बदलली, वरची ट्यूब बंद केली. मग मला एक चावटपणा सुचला. अडलेल्या डब्याच्या रेघांची झेरॉक्स काढून बिस्किटाच्या पुड्यावर चिकटवली. बीप! स्क्रीनवर दूध पावडर. मग चांगल्या डब्याची झेरॉक्स अडलेल्या डब्यावर चिकटवली... नाही. पुन्हा. नाही.

रेघा त्याच, नंबर तोच. नकार रेघांना नव्हताच. डब्याला होता.

इथे माझ्या मानेवरचे केस उभे राहिले असं लिहायची पद्धत आहे. मला राग आला. यंत्राने असं वागायचं नसतं.

शुक्रवारी नमाजनंतरच्या गर्दीत खन्ना स्वतः तीन नंबरवर येऊन उभे राहिले, कोट-बिल्ल्यासकट. “मैं दिखाता हूँ. इसमें कोई रॉकेट सायन्स नहीं है.” समोर प्रॅम घेतलेली एक मुंबईची बाई, दोन डबे हातात. पहिला डबा — बीप. दुसरा — काही नाही. खन्नांनी तो उभा धरला, आडवा धरला, शर्टाला पुसला. काही नाही. मागून कुणीतरी घाई करत ओरडलं, “यल्ला, हबीबी!”

बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही मराठी ना? हा का जात नाही?”

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“माहीत नाही म्हणजे? अठ्ठेचाळीस दिरहमचा डबा आहे, सहाशेच्या वर रुपये झाले. आणि तुमच्या मशीनलाच तो नकोय?” त्यांनी डबा उलटा केला. “हे काय? तारखेखाली अजून एक तारीख दिसतेय.”

मी डबा घेतला. तळाची छापील तारीख बोटाने घासली तर शाई निघाली. खाली अर्धवट पुसलेली जुनी तारीख होती. कधीच उलटून गेलेली. इक्बालने काउंटरखालचे सगळे डबे वर मांडले. एकेक उलटा केला. सगळ्यांचं तेच. जे डबे मशीनने घेतले होते त्यांच्या तळाला मात्र एकच तारीख, घासून न जाणारी.

बाईंनी दोन्ही डबे खन्नांच्या पुढ्यात आपटले. “फ्री में क्या दे रहे हो आप लोग? बच्चों को?”

खन्ना म्हणाले, “खलास, काउंटर बंद करो.”

संध्याकाळी पुन्हा केबिन. आवाज आता मऊ. “लिख दो, स्कॅनर खराब था. कॅशियर भी बच गया, आप भी बच गये.”

मी लिहून दिलं — स्कॅनर ठीक आहे, कॅशियर ठीक आहे, डबे ठीक नाहीत. कॉपी मालकांच्या ऑफिसला आणि त्या बाईंनाही. त्यांनी ती म्युनिसिपालिटीत नेली. माल उचलला गेला, इक्बालला कुणी हात लावला नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट मात्र पुढे रिन्यू झालं नाही. कारण दिलं मंदीचं. चालायचंच.

माल गेल्यावर तीन नंबरने पुन्हा कधी काही अडवलं नाही. स्कॅनर कंपनीचा इंजिनियर येऊन गेला. “सर, असं होऊच शकत नाही,” म्हणाला. मी म्हटलं, मला ते शिकवू नका.

इक्बाल अजून रोल्लात आहे. मुलगी कॉलेजला गेली, बापाला इंग्लिशमध्ये उत्तरं देते. तो भेटला की विषय निघतोच.

“साहेब, आता तरी माना. काहीतरी होतं तिथे.”

“नाही मानत.”

“मग काय होतं?”

“माहीत नाही.”

“तेच तर मी पण बोलतोय!”

नाही, ते एकच नव्हे. त्याला ‘काहीतरी’ पुरतं, मला पुरत नाही. इतकी वर्षं शोधून माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं वाटतं त्यांनी खुशाल लिहावं. मी ते तपासून बघेन. सोयीचं आहे म्हणून सही करणार नाही. तशी सही खन्नांनी दोनदा मागून बघितली आहे.