अंगददादाला दाखवलेला वैशाख

आष्टीच्या बाजारात धर्मराज आणि त्याचा चुलतभाऊ अंगद यांचं किराणा मालाचं घाऊक दुकान एकत्र होतं. धर्मराज अंबाजोगाईच्या दवाखान्यात मरणासन्न आईच्या उशाशी बसलेला असताना अंगदने साबणाच्या, तेलाच्या साऱ्या एजन्स्या स्वतःच्या नावावर करून घेतल्या. धर्मराज भांडला नाही. रस्त्यापलीकडे त्याने तेवढंच गोदाम भाड्याने घेतलं, मांडण्यांची रचनाही तशीच केली, नव्या कंपन्यांचा माल भरला आणि डूख धरून बसला.

पुण्याची एक कंपनी लहान व्यापाऱ्यांना माल वाहणारे रोबो घेण्याआधी ते संगणकावर चालवून दाखवते, असं त्याच्या कानावर आलं. कंपनीने प्रियदर्शनी नावाची इंजिनिअर पाठवली. तिने वर्षभराची बिलं घेतली आणि पडद्यावर त्याचं गोदाम उभं केलं. त्यात सहा रोबो सोडले. रोबो म्हणजे निळे ठिपके. वैशाखात सहाही ठिपके मुंग्यांसारखे शहाणपणाने चालले. पण दसरा झाला की ऊसतोडीला निघालेली गावंच्या गावं एकदम माल भरतात. त्या दिवसांत सहाही ठिपके तेलाच्या मांडण्यांमधल्या बोळात एकमेकांना अडून उभे राहिले.

"काका, दोनच घ्या," ती म्हणाली. "सीझनला माणसं ठेवा. मग जमेल."

धर्मराजने वैशाखाचा आणि दसऱ्यानंतरचा असे दोन वेगळे व्हिडिओ मोबाईलवर मागून घेतले.

संध्याकाळी तो रस्ता ओलांडायला निघाला तेव्हा बायको रुक्मिणीबाई म्हणाली, "त्याच्या दारात कावून चालले?"

"सलगी करायला."

अंगदला त्याने वैशाख दाखवला. अंगद डोळे बारीक करून बघत राहिला. "तू किती घेतो बे?"

"सहा म्हणतोय, दादा."

"तू सहा घेणार, आन मी बघत बसू व्हय?"

महिन्याभरात अंगदच्या गोदामात सहा रोबो आले. हमालांना त्याने घरी बसवलं. धर्मराजने त्याच दिवशी त्यांना बोलावून कामाला लावलं, आणि स्वतः एकही रोबो घेतला नाही.

दसरा झाला. अंगदच्या दारात गावोगावच्या दुकानदारांचे टेम्पो उभे राहिले, ते हलेनात. दुसऱ्या दिवशी त्यातला एक रस्ता ओलांडून आला, मग सगळेच आले. शेवटी अंगद आला.

"धर्मा, त्या पोरीला फोन लाव ना. मशिनी बोळात अडत्यात."

धर्मराजने त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि दुसरा व्हिडिओ लावून मोबाईल त्याच्या हातात ठेवला. अंगद बघत होता. ठिपके तेलाच्या बोळात शिरले आणि थांबले.

"हे तुला तवाच दिसलं व्हतं?"

"दिसलं व्हतं."

"मग बोलला कावून न्हाई?"

"मी दवाखान्यात व्हतो तवा तू तरी कुठं बोललास? त्यातल्या दोन मशिनी मला दे. जुन्याच्या भावानं."

अंगदने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. धर्मराजने तो उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला.

"पुरतं बघ, दादा. लक्ष्मीपूजनाची गर्दी अजून म्होरं हाय."