पाझर तलावात म्हैस सोडली तेव्हा

औरंगाबादेत बसून पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायचं खूळ माझ्या डोक्यात कुणी घातलं, देव जाणे. "नळाला पाणी आठवड्यानं येतं आणि ही बया सोनार यंत्रावर एम.टेक. करते," असं पप्पा पुंडलिकनगरातल्या घरी आलेल्या-गेलेल्याला सांगायचे. शेवटी त्यांनी बजावलंच: आज सरांसमोर जमलं नाही तर हे थेर बंद, गुमान बँकेच्या परीक्षेला बसायचं. सर म्हणजे माझे गाईड. तेही कंटाळलेलेच होते.

म्हणून आमची वरात देवगाव रंगारीला, मामाच्या शेताजवळच्या पाझर तलावावर गेली. उथळ पाण्याची लई कटकट. आवाज सोडला की तळ, वरचं पाणी, बांधाचे दगड, सगळे एकदमच उत्तर देतात. लांब सूर सोडला तर काहीतरी हलतंय एवढं कळतं, कुठं ते कळत नाही. तोकडा सोडला तर उलटं. वर्षभर डोकं फोडून मी दोन्ही जमवणारा सिग्नल बांधला होता. थांबलेलं ते तो सोडून द्यायचा. हलेल त्याचीच रेघ लॅपटॉपवर उमटायची.

आता हलणारं आणायचं कुठून? मामा म्हणाला, "माझी म्हैस हाय की! एवढं धूड दिसंल नाय व्हय?"

भर दुपारी म्हैस पाण्यात गेली. आणि बसली. अरे देवा! मी इंजिनिअर, मामा शेतकरी, पप्पांचं लहानपण म्हशींमागं गेलेलं. उन्हातली म्हैस पाण्यात गेली की बसते, हे तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मामानं काठावरून शिव्या घातल्या, ढेकळं फेकली. स्वतः मामा आत जायला तयार नाही; त्याला पाण्याचं भ्याव. म्हशीनं कान हलवला. स्क्रीन कोरी.

सर घड्याळ बघत म्हणाले, "चला, राहू द्या." पप्पांकडं बघायची हिंमतच झाली नाही.

तेवढ्यात धप्पकन आवाज आला. पप्पा! इस्त्रीच्या पँटसकट, छातीभर पाण्यात, म्हशीकडं निघालेले. आणि स्क्रीनवर रेघ उमटली, तिरपी, ठसठशीत. मला रडूच फुटलं.

"पप्पा, म्हैस सोडा! तुम्हीच चाला!" मी बोंबलले.

पप्पा चालले. गाळात पाय रुतत होते, तोंडानं आमच्या सगळ्यांचा उद्धार चालला होता. सर लॅपटॉपवर वाकले. "दिसलं, दिसलं. पुरे आता, या बाहेर," म्हणाले.

"नीट बघून घ्या सर! मागून फाटे फोडायचे नाय!" पप्पा ओरडले, आणि माघारी वळून पुन्हा चालायला लागले.