बाबांच्या गाण्यामागचं घूंऽऽऽ

परवा रविवारी आसगावला, घरी, बाबांचा पहिला स्मृतिदिन झाला. वंदनेनंतर जमलेल्या सगळ्यांना बाबांचं गाणं ऐकवायचं, एवढं एकच आईने मागितलं होतं.

बाबा विहारात गायचे. त्यांचं एकच रेकॉर्डिंग आहे, जुन्या कॅमेऱ्यावर कुणीतरी घेतलेलं. फोनमध्ये फोटो ढीगभर... आवाज तेवढाच.

शनिवारी दुपारी हॉलमधला टीव्ही बाबांच्या पडवीतल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला आणि घूंऽऽऽ सुरू. गाणं लावायच्या आधीच! केबल बदलली, स्पीकर बदलले, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एका कमेंटमध्ये होतं, अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन काढून टाका. मी शहाणी... पक्कड घेतली आणि तोडली.

घुमणं थांबलं. मी खूश. आणि पाचच मिनिटांनी आई त्या अ‍ॅम्प्लिफायरवरची धूळ पुसायला गेली नि किंचाळून मागे पडली.

वाचली. पण मी तिथेच फरशीवर बसून रडले. एक गाणं धड लावता येत नाही मला, वर आईलाच करंट दिला.

शेजारचे लाइनमन काका, आता रिटायर झालेत, ओरडा ऐकून धावत आले. "काहून तोडली पिन, बाई? आवाजापायी मायचा जीव घेशील का?"

त्यांनी नवा प्लग बसवला. मग म्हणाले, "पडवीचं अर्थिंग तुया बाबानं अंगणात केलं, हॉलचं मागं हाये. अर्थिंगचे दोन खड्डे तू एका वायरनं जोडून राहिली. घुमणारच ना!" दोन्ही प्लग त्यांनी हॉलच्याच बोर्डवर आणले... आणि एकदम शांत. मी काकांच्या पाया पडले.

मग बाबांचं गाणं लावलं.

घूंऽऽऽ.

पॉज केलं, शांत. प्ले केलं, घूंऽऽऽ. चार वेळा केलं तेव्हा कुठे कळलं, घुमणं रेकॉर्डिंगमध्येच आहे. ते ना काका काढू शकत, ना मी.

आई मात्र शांत होती. "तवाचंच हाये ते. विहारातला माइक असाच घुमे. त्यायनं गाणं नाई थांबवलं."

रविवारी तेच लावलं. सगळे डोळे पुसत ऐकत होते. मला मात्र घुमण्याखेरीज काही ऐकूच येईना.

काका, आई वाचली, तुमचे उपकार आहेतच. पण खरं सांगू? माइक नाही, वायर नाही, असा बाबांचा स्वच्छ आवाज रोज संध्याकाळी पडवीत असायचा... आणि अभ्यास होत नाही म्हणून मी दार लावून घ्यायचे.