परीक्षेच्या खोलीतल्या गौरी

ये गो भाचे, जवळ सरक, आणि हे वाचताना तरी तो मोबाइल पालथा ठेव. तू पुण्यात ऑनलाइन कॉलेजवाल्यांच्या ऑफिसात बसतेस, लोकांना घरबसल्या पदव्या देतेस, आणि पेणला मावशीकडे यायला तुला दोन वर्षं सवड नाय. मग इथे काय झालं ते मलाच लिहून कळवावं लागतं.

माझी शाळा चौथीला सुटली, हे तुला ठाऊक आहे. पुढचं वाचन मी रद्दीवर केलं. रामवाडीच्या आमच्या कारखान्यात मूर्ती गुंडाळायला रद्दी यायची, ती आधी वाचायची आणि मग गुंडाळायची. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टींची सुरुवात माहीत आहे. शेवट गिऱ्हाइकांबरोबर गेले.

माझ्या लेकीला मात्र शेवटापर्यंत शिकायचं होतं. ती रोह्याशेजारच्या अष्टमी गावात दिलेली, धाटावच्या एका कंपनीच्या ऑफिसात कंत्राटी. साहेब म्हणाले होते, दिवाळीच्या आत बी.कॉम. पुरं करा, कायम करतो. नाहीतर जागा दुसऱ्याला. तिने ऑनलाइन कॉलेज धरलं. तीन वर्षं बसमध्ये आणि चुलीपाशी तासच्या तास ऐकले. भात उतू जायला लागला की ती मास्तरांना थांबवायची. आमचे मास्तर असे थांबत नसत.

शेवटचा पेपर उरला. नियम असा, की परीक्षा घरीच, पण लॅपटॉपचा कॅमेरा सगळा वेळ चालू. खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको. रोह्याला घर दोन खोल्यांचं, आणि जावई रात्रपाळी करून दिवसा झोपतात. आधीच्या एका पेपरात मशीनने 'दुसऱ्या व्यक्तीचा आवाज' म्हणून ताकीद दिली होती. ते त्यांचं घोरणं. म्हणून हा पेपर माहेरी द्यायचं ठरलं.

नेट चांगलं मिळतं ते कारखान्याच्या खिडकीपाशी. आठवडाभर आधी तिने तिथूनच सराव परीक्षा दिली. सगळं सुरळीत. भिंतीवर गौरींचे चार मुखवटे टांगलेले होते, नुसते रंगवलेले, डोळे नसलेले.

मुखवट्यांच्या डोळ्यांची आखणी माझ्याकडे असते. ती मी पेपरच्या आदल्या दिवशी संपवली. रंग ओला म्हणून मुखवटे जागचे हलवले नाहीत. आमच्या घरात भिंतीवर मुखवटे असतात ते कुणाला दिसतच नाहीत, जसं तुझ्या ऑफिसात कुणाला घड्याळ दिसत नसेल. ती मुखवट्यांकडे पाठ करून बसली, मी दार ओढून घेतलं.

वीस मिनिटांत ती बाहेर आली.

"आये, डोळे काढलेस तू?"

"काल काढले की."

"मशीन म्हणतंय, खोलीत आणखी चार बाया हायेत. पेपर बंद केला."

ती रडली नाय. पायरीवर बसली आणि दिवाळीला किती आठवडे उरलेत ते बोटांवर मोजायला लागली. मी ब्रश धुवायला घेतला. तो धुतलेलाच होता.

तिसऱ्या दिवशी तुमच्यासारख्याच कुठल्याशा ऑफिसातून व्हिडिओ फोन आला. लेक कामावर होती, पण तक्रार करताना तिने माझाच नंबर साक्षीदार म्हणून दिला होता. साहेब तरुण होते, गळ्यात पट्टा.

"आजी, परीक्षेच्या वेळी खोलीत चार महिला होत्या?"

"व्हय. गौरी."

"त्यांचं विद्यार्थिनीशी नातं? माझ्याकडे चारच पर्याय आहेत. नातेवाईक, मैत्रीण, शिक्षक, इतर."

"इतर लिवा."

"त्यांनी उत्तरं सांगितली का?"

"सणाच्या आधी त्या कुणाचं काय करत नायत."

साहेबांनी तेही टाइप केलं. मग म्हणाले, पुरावा लागेल. मी फोन घेऊन कारखान्यात गेले आणि एकेक मुखवटा उचलून दाखवला. आधी समोरून, मग मागून. "बघा, आतून पोकळ. तोंड हाय, पण घसा नाय."

मग त्यांनी हळूच विचारलं, "आजी, हे डोळे तुम्ही काढता?"

"चाळीस वर्षं."

"आमच्या घरच्या गौरीचा एक डोळा पुसट झालाय. आई दरवर्षी म्हणते."

"घेऊन या," मी म्हटलं. "पण आधी माझ्या पोरीचं बघा."

दोन आठवड्यांनी पत्र आलं. खोलीत चार निर्जीव चेहरे आढळले, मदत केल्याचा पुरावा नाही, फेरपरीक्षेस परवानगी. लेकीने ते दोनदा वाचलं, मी तीनदा.

फेरपरीक्षेच्या दिवशी खोली रिकामी केली. मुखवटे माझ्या खाटेवर नेऊन झोपवले, वर चादर घातली. मी अंगणात बसून राहिले. शेजारीण पापड वाळत घालायला आली, तिला तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. ती अजून माझ्याशी धड बोलत नाय.

निकाल दसऱ्याच्या आधी लागला. पास. कंपनीने तिला कायम केलं. तिने पहिला फोन मला न करता नवऱ्याला केला, तो झोपेत होता, आणि त्याने "बरं" म्हणून ठेवून दिला. संध्याकाळी उठल्यावर त्याला कळलं, तेव्हा बिचारा पेढे घेऊन रोह्याहून पेणपर्यंत आला.

रविवारी ती सुट्टीवर इथेच असते. हे सगळं तिला तुला स्वतः सांगायचं आहे, आणि ती वेगळंच सांगेल. तिच्या सांगण्यात माझी चूक मोठी असते. तू काहीच माहीत नसल्यासारखं दाखव आणि ऐकून घे. या रविवारी नाय जमलं तर पुढच्या, पण ये गो बाय, लवकर ये.