चावी काढल्यावर चालणारी गाडी

सन दोन हजार सहा. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पण इंजिनाच्या कामात पांढरकवड्यात माझ्यापुढं कोणी बोलत नव्हतं. कापूस येईना म्हणून त्या साली आमची सरकी काढायची जिनिंग बंद पडली. मालकानं तिथलं माझं चालतं इंजिन एका झटक्यात बंद करायला लावलं. त्या रागानं मी जिनिंगच्या फाटकाकडं फिरकलो नाही. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बसून राह्यलो.

तिथं भर दुपारी एक पांढरी मोटार थांबली. काचेवर जपानी अक्षरं. चाळिशीचा माणूस उतरला, दार लावलं, चावी खिशात टाकली अन् चहा मागितला. गाडी मात्र चालूच. आत कोणी नाही, अन् इंजिन घुरघुरून राह्यलं. टपरीवाल्यानं तिले हात जोडले. मी उठून त्या माणसाजवळ गेलो.

"चावीबिगर इंजिन चालत नसते," मी म्हणालो.

"चालते, काका. जपानहून आणली, अन् इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, टर्बो, मीच मोठा बसवला. पळून पळून तो लाल होते. एकदम थांबवलं तर तेल जागीच जळते, अन् तो आतून मरते. म्हणून चावी काढली तरी इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारं घड्याळ लावलं. दम खाते अन् मग आपली आपण निजते."

ताप पाहावा तसा तो बोनेटले उलटा हात लावून उभा राह्यला. थोड्या वेळानं कोणी हात न लावता गाडी निजली.

जिनिंगातलं माझं इंजिन असं निजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिनिंगवर गेलो, चौकीदाराले इंजिनघराची चावी मागितली, अन् थंड इंजिनात तेल टाकून, ते आतपर्यंत पोचावं म्हणून त्याचं चाक हातानं फिरवत बसलो.