तांबड्या भाताचं मडकं

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, आणि तिथे भात झोडायच्या दोन तऱ्हा आहेत. खायचं भात असेल तर पेंढी फळीवर शेवटचा दाणा सुटेपर्यंत आपटायची. बियाण्याचं असेल तर दोनदाच, तेही हलक्या हाताने. त्या दोन झोडांत जे दाणे गळतात ते सगळ्यांत भरलेले, पुढच्या सालचे. माझा थोरला भाऊ हे मला दर दिवाळीला नव्याने सांगायचा, कारण मुंबईला राहणाऱ्याच्या डोक्यात काही टिकत नाही असं त्याचं ठाम मत होतं. भाऊ जाऊन आता दोन वर्षं झाली.

यंदा कापणीला गेलो तो नोकरीतून मोकळा होऊन. घरी वहिनी एकट्याच. हे शेवटचं साल, असं त्यांनी फोनवर आधीच सांगितलं होतं. त्यांच्या मुलाने डोंबिवलीला मोठी खोली घेतली होती आणि दिवाळी झाली की तो आईला न्यायला येणार होता. त्या गेल्या की घराला कुलूप लागणार, आणि भावाचं तांबडं भातही संपणार. बाकीच्या खाचरांत पिशवीतलं विकतचं बियाणं असायचं. तांबडं फक्त ओढ्याकाठच्या एका लहान खाचरात होतं, आणि आसपास दुसऱ्या कुणाकडे ते उरलं नव्हतं. वहिनींनी जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. मी स्वतः चाळीस वर्षं बाहेर राहिलेला माणूस.

ते दिवस आठवले की अजून डोळ्यांपुढे धूसर होतं. सकाळी सावित्री नदीवरचं धुकं वर चढून खळ्यापर्यंत यायचं आणि भाऱ्यांची टोकं तेवढी दिसायची. ऊन आलं की पेंढ्यातून वाफ निघायची. दुपारी घाटाकडून वारा सुटायचा, वहिनी सूप डोक्याच्या वर धरायच्या, आणि पोकळ दाण्यांचं पोल उडून अंगणभर सोनेरी धूळ तरंगत राहायची. मी पेंढ्यावर आडवा व्हायचो तो मदत करायच्या बेतानेच, पण डोळा लागायचा. जाग आली तरी फळीवरचा आवाज चालूच असायचा, आणि तो भाऊच झोडतोय असं वाटून मी हाक मारायला तोंड उघडायचो.

तांबड्याची पाळी आली तेव्हा मात्र मी टक्क जागा होतो. वहिनी दोन झोडांवर थांबतात का, ते मला बघायचं होतं. त्या थांबल्या नाहीत. प्रत्येक पेंढी त्यांनी रिकामी होईपर्यंत आपटली. बी ठेवायचं नाही, म्हणजे विषय संपला. मी मनातून फार खट्टू झालो, आणि रागावलोही. ते भात गिरणीतून भरडून मीच आणलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी वहिनी शेजारच्या वाडीत गेल्या होत्या. आमच्याकडे नव्या भाताचे पोहे घरीच कांडतात, आणि ते तांबड्याचेच व्हायचे. म्हटलं, शेवटचे पोहे आपण करू. माळ्याच्या कोपऱ्यात पळसाच्या पानांनी तोंड बांधलेलं एक मडकं दिसलं. आत तांबडं भात, निवडल्यासारखं, एकेक दाणा टपोरा. खाण्यातलंच मागे राहिलं असेल असं मला वाटलं. पाणी चांगलं कढवलं, भातावर ओतलं आणि रात्रभर भिजत ठेवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा.

सकाळी वहिनींनी झाकण काढलं आणि तिथेच खाली बसल्या.

"भावजी, हे बी व्हतं."

मी उठायच्या आधी, धुक्यातच, त्यांनी प्रत्येक पेंढीवर दोन हलके झोड मारून ते काढलं होतं. मी पाहिलं ते त्यानंतरचं. मला सांगितलं का नाही, असं मी चाचरत विचारलं. जायचं की राहायचं हे त्यांचं त्यांनाच उमगत नव्हतं, म्हणाल्या. पण बी ठेवल्याशिवाय हात ऐकेनात.

मला लाज वाटली, इतकी की वर बघवेना. कढत पाण्यातला दाणा काही रुजत नाही. भावाने आयुष्यभर जपलेलं मी एका रात्रीत शिजवून ठेवलं होतं.

वहिनी रागावल्या नाहीत. भिजलंय ते वाया घालवू नका म्हणाल्या. त्यांनी भात भाजलं, मी गरम गरम कांडलं. उखळातून तो वास वर आला आणि मी मुसळ धरून रडलो. वहिनींनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. पोहे गुळाबरोबर खाल्ले. इतके गोड पोहे मी पुन्हा खाणार नाही.

खाऊन झाल्यावर त्या उठल्या आणि दाराशी गेल्या. दसऱ्याला नव्या लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर दाराला बांधतात, त्याला नवं म्हणतात. ओढ्याकाठच्या तांबड्याचं नवं तिथे लटकत होतं. अर्धं चिमण्यांनी खाल्लेलं. वहिनींनी ते सोडवलं, तळव्यांत चोळलं, फुंकर घातली. मूठभर दाणे उरले.

त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं काही म्हणताहेत, पण त्या हिशेब करत होत्या. या मुठीतून पुढच्या साली खाचराचा एक कोपरा, त्यातून दुसऱ्या साली अर्धं खाचर, तिसऱ्या साली पुरं.

"पोराला फोन लावा," त्या म्हणाल्या. "सांगा, तीन सालं लागतील. तवर मला यायला जमायचं नाय."

मी फोन लावला. पलीकडून मुलगा आईला बोलू लागला, समजावू लागला. वहिनी एका हाताने फोन कानाला धरून ऐकत होत्या. दुसऱ्या हाताची मूठ त्यांनी उघडली नाही.